उंबरठ्याबाहेरची माणसे : प्रस्तावना

ज्या दैन्याचे दर्शन नगरवासी माणसाला दररोज घडते आणि ज्याविषयीचे त्याचे ज्ञान तरीही अत्यल्प असते, अशा दैन्यांत बेघरपणाची गणना प्रथम करावी लागेल. रोगी रुग्णालयात असतो, कैदी तुरुंगात असतो, उपाशी कुटुंब आपली भूक पुष्कळदा चार भिंतींच्या आड झाकून ठेवते. परंतु ज्याला घरच नाही त्याचे निजणे, उठणे, आजारी पडणे, लेकराला पाजणे आणि प्रसंगी मरणेही चव्हाट्यावर होते, आणि ते इतके उघड असूनही पाहणाऱ्याच्या मनात जिज्ञासा जागी करीत नाही. दया, किळस, भीती किंवा चीड यांपैकी एखादी भावना क्षणभर उमटते. हा माणूस इथवर आला कसा, हा साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करणारे लेख आणि निवेदने एकत्र करून हा संग्रह सिद्ध झाला आहे, आणि या विषयात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या वाचकाला येथील वाटा-आडवाटा ठाऊक व्हाव्यात एवढ्यासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे.

संग्रहातील पुष्कळसे लेखन हुबळी-धारवाड आणि आसपासच्या मुलखातून आलेले आहे. तेव्हा आरंभ दुर्गदबैलापासून करणे उचित होईल. जुन्या हुबळीच्या या बाजारात दिवसभर कापड, भांडी, भाजी आणि फुले यांचा व्यवहार चालतो, दिवेलागणीनंतर गिरमिट आणि मिरची-भज्यांच्या गाड्यांभोवती गर्दी जमते, आणि रात्री उशिरा गाड्या आवरल्या, दुकानांची शटरे खाली आली, म्हणजे त्याच दुकानांच्या पायऱ्यांवर दुसरी एक वस्ती उतरते. हमाल, हातगाडीवाले, लग्नसराईत वाढप्याचे काम करणारे, कागद-पत्रा वेचणारे, थकलेले म्हातारे, आणि कोणाशी न बोलता स्वतःशीच पुटपुटणारा एखादा. परक्याला ही नुसती गर्दी वाटेल; पण तिलाही तिचा जाबता असतो. कोणाची पायरी कोणती हे ठरलेले असते. दुकानदाराची मूक संमती असते आणि तिच्या मोबदल्यात रात्रीची राखण होते. पुठ्ठा आणि पोते दिवसा ज्या टपरीच्या मागे ठेवायचे त्या टपरीवाल्याशी सलोखा राखावा लागतो. पहाटे झाडूवाली येण्याच्या आत जागा मोकळी करावी लागते. शौचाला आणि अंघोळीला रोख पैसे मोजावे लागतात, त्यामुळे ज्याच्याजवळ काही नाही त्याचा दिवसच खर्चाने सुरू होतो. बाया या पायऱ्यांवर सहसा निजत नाहीत. त्या रेल्वे स्टेशनच्या किंवा इस्पितळाच्या उजेडात, माणसांची ये-जा असते तेथे, बसून रात्र काढतात आणि झोप दिवसा घेतात. अंधारातील एकांत त्यांना परवडत नाही. यांपैकी कोणालाही गाव विचारले तर नवलगुंद, रोण, कुंदगोळ, हावेरी असे उत्तर चटकन मिळते. घराविषयी विचारले तर थोडे थांबून "घर होतं" असे सांगतात.

हा भूतकाळ मला फार महत्त्वाचा वाटतो. बेघर हा माणसाचा एखादा प्रकार आहे, जसे कोणी उंच वा ठेंगणे असतात तसे काही लोक बेघर असतात, अशी आपली अस्पष्ट समजूत असते. वस्तुतः ती त्या माणसाच्या आयुष्यात घडून गेलेली घटना असते, तिला तारीख असते, कारण असते, आणि बहुधा एकाहून अधिक कारणे एकाच वेळी कोसळलेली असतात. या विषयाचा सारा इतिहास म्हणजे त्या घटनेचा शोध घेण्याऐवजी माणसाच्या स्वभावाचा निवाडा करण्याचा इतिहास आहे, असे माझे मत झाले आहे, आणि पुढील विवेचनात ते मी लपवलेले नाही.

आपल्या परंपरेत घर नसणे हे सर्वकाळ हीनतेचे लक्षण नव्हते. संन्याशाने एके ठिकाणी फार काळ राहू नये असा दंडक होता. बाराव्या शतकातील लिंगायत शरणांनी देवालयाच्या स्थावर वैभवापेक्षा फिरत्या जंगमाला श्रेष्ठ मानले, आणि त्या विचाराचा ठसा धारवाडच्या प्रांतात आजही आहे. हुबळीच्या सिद्धारूढ मठात अन्नासाठी येणाऱ्याला त्याचे गाव-गोत्र न विचारता पंगतीत बसवतात. वासुदेव, गोंधळी, नंदीबैलवाले, बहुरूपी यांना गावगाड्यात जागा होती आणि त्यांना मिळणारे धान्य हा त्यांच्या विद्येचा मोबदला समजला जाई. परंतु हा आदर ठरलेली भूमिका घेऊन आलेल्या फिरस्त्यासाठी होता. टाकलेली बाई, महारोगी, वेडा, पोरके मूल यांना तो लागू नव्हता. प्रार्थना समाजाला १८७५ साली पंढरपुरासारख्या क्षेत्रात टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढावा लागला, यावरून भक्तीच्या छायेत कोणती दुःखे सोडून दिली जात हे उघड होते. या दुःखांकडे ज्यांनी कर्तव्यबुद्धीने पाहिले त्यांत गाडगेबाबांचे स्थान निराळे आहे. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा उभारल्या, त्यांतली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा पुढे बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली. आणि स्वतः आयुष्यभर फिरत राहिलेल्या या पुरुषाचा २० डिसेंबर १९५६ रोजी देहान्त झाला तोही अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ. इस्पितळात दाखल झालेल्या परगावच्या रोग्याचे नातलग रात्री कोठे निजतात, हा प्रश्न त्यांना सुचला, आणि तो आजही हुबळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात तसाच उभा आहे.

इंग्रजी अमलाबरोबर या विषयात दंडसत्ता शिरली. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांनंतर परतलेले निष्कांचन सैनिक आणि जमिनीवरून उठलेले शेतमजूर यांनी इंग्लंडचे रस्ते भरून गेले, तेव्हा तेथे १८२४ साली भटकेपणाविरुद्ध कायदा झाला. उघड्यावर निजणे हाच त्यात अपराध ठरला. त्याही आधी दोन शतके तेथील दरिद्र-कायद्याने लायक गरीब आणि नालायक गरीब अशी विभागणी केली होती. हिंदुस्थानात हीच दृष्टी १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यातून आली आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचली. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर येथे वसाहती उघडल्या. हुबळीत तो भाग आजही सेटलमेंट या नावानेच ओळखला जातो. परवान्यावाचून बाहेर जाता येत नसे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, आणि ज्या लोकांचा पिढीजात व्यवसाय फिरण्यावर होता त्यांना गिरण्या-कारखान्यांच्या मजुरीस जुंपले जाई. या वसाहतींचे अधिकारी स्टार्ट हे गृहस्थ स्वतः कळकळीचे होते; पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील १९२८ च्या समितीत आंबेडकर आणि ठक्करबाप्पा यांनी काम केले. पण अधिकारी कितीही सहृदय असला तरी जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरवणारा कायदा सहृदय होत नाही.

येथे मराठी वाङ्मयातील एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाइतके ग्रामजीवनाचे सूक्ष्म निरीक्षण मराठीत दुर्मीळ आहे; रयतेविषयीचा त्यांचा जिव्हाळा पानोपानी जाणवतो. तरीही त्याच ग्रंथातील फिरस्त्यांचे प्रकरण वाचताना हे भटके लोक म्हणजे गावावरचे ओझे होत, हाच ग्रह प्रबळ झालेला दिसतो, आणि त्याआधी 'गुन्हेगार जाती' हे पुस्तकही त्यांनी लिहिले होते. एवढा डोळस लेखकही सरकारी दप्तराच्या चौकटीतून फिरत्या माणसाकडे पाहत होता, यावरून ती चौकट सुशिक्षितांच्या मनात किती खोल रुतली होती याची कल्पना येते. दुसऱ्या बाजूने हीच कहाणी सांगितली जाण्यास लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांपर्यंत वाट पाहावी लागली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा संपला. त्यामागची वृत्ती मात्र दुसऱ्या दाराने परत आली. १९५९ चा मुंबईचा भिक्षा-प्रतिबंधक कायदा पाहावा. उपजीविकेचे दृश्य साधन नसता सार्वजनिक जागी हिंडणारा माणूसही त्याच्या व्याख्येनुसार भिकारी ठरतो, प्रथम अपराधास एक ते तीन वर्षे आणि पुन्हा पुन्हा पकडला गेल्यास दहा वर्षांपर्यंत त्याला डांबून ठेवता येते. म्हणजे दुर्गदबैलातील पायरीवर निजणाऱ्या हमालाने कोणापुढे हात पसरला नसला तरी मुंबईत तो या व्याख्येत सापडू शकला असता. १९५६ साली धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्याने येथे तो कायदा लागू झाला नाही. पण १९७५ साली कर्नाटकाने स्वतःचा कायदा केला आणि त्याबरोबर एक उपकरही बसवला. नगरपालिका घरपट्टी वसूल करते तिच्यावर तीन टक्के रक्कम निराश्रितांच्या केंद्रांसाठी घेतली जाते. हुबळीतला प्रत्येक घरमालक ती भरतो, आणि आपण ती भरतो हे बहुतेकांच्या गावीही नसते. या केंद्रांची अवस्था काय होऊ शकते हे २०१० च्या ऑगस्ट महिन्यात दिसले. बंगळूरच्या केंद्रात अवघ्या काही दिवसांत वीसहून अधिक माणसे दगावली. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबईच्या कायद्यातील भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली, आणि ज्याला जगण्याची साधने देण्यात राज्यसंस्था उणी पडली त्यालाच तिने शिक्षा करणे न्याय्य नाही, या तत्त्वाला स्पष्ट मान्यता मिळाली.

आता कारणांकडे वळू. या मुलखाच्या बाबतीत ती शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने धारवाड आणि कलादगी जिल्ह्यांतील गावेच्या गावे ओस पाडली. पुन्हा असा प्रसंग आल्यास धान्य वेळेवर पोहोचावे या हेतूने १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिचा कारखाना हुबळीस आला, आणि आजची हुबळी त्या कारखान्याभोवती वाढली. दुष्काळाच्या निवारणासाठी आलेली रेल्वे पुढील प्रत्येक अवर्षणात माणसांना गावाबाहेर घेऊन जाण्याचेही साधन झाली. हुबळीच्या स्थानकावर आज जगातील सर्वांत लांब गणला जाणारा १५०७ मीटरांचा फलाट आहे, आणि रात्री तेथे गाडीची वाट न पाहणारीही पुष्कळ माणसे असतात. रेल्वेनंतर धरणे आली. मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी सेनापती बापटांनी १९२१ पासून दिलेला लढा मराठी वाचकास ठाऊक असतो. त्याच प्रकारचे विस्थापन कोयनेने केले आणि अलमट्टीच्या जलाशयाने जुन्या बागलकोटचा मोठा भाग पोटात घेतला. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला मोबदला मिळाला; त्याच्या शेतावर राबणाऱ्या भूमिहीनाला दाखवण्यास दाखलाच नव्हता. २००९ आणि २०१९ च्या महापुरांत मातीच्या भिंतींची घरे बसली, तेव्हाही हाच भेद पुन्हा दिसून आला.

परंतु दुष्काळ, धरण आणि महापूर सोसलेले सर्वच लोक रस्त्यावर येत नाहीत. बहुतेक जण कोणाच्या तरी आधाराने सावरतात. असे का, या प्रश्नाच्या उत्तरांतून या विषयातील निरनिराळे पक्ष निर्माण झाले आहेत. सर्वांत जुना पक्ष दोष माणसात पाहतो: आळस, व्यसन, बेजबाबदारपणा. लोकमतात तो अद्याप बलवान आहे. शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांनी त्याला पहिला धक्का दिला. स्वतः भटका मजूर म्हणून राहिलेल्या नेल्स अँडरसन याने १९२३ साली असे दाखवले की, रस्त्यावरचे हे लोक हंगामी श्रमाच्या बाजाराने निर्माण केलेले कामगार होत, आणि त्यांच्या वस्तीला स्वतःचे नियम व व्यवहार असतात. दुसरा पक्ष रचनेवर बोट ठेवतो: मजुरी, भाडे, जमिनीची मालकी. या पक्षाचे अलीकडील सर्वांत स्पष्ट प्रतिपादन ग्रेग कोलबर्न आणि क्लेटन आल्डर्न यांच्या २०२२ च्या ग्रंथात आहे. अमेरिकेतील शहरांची तुलना करून त्यांनी दाखवले की, जेथे गरिबी वा व्यसने अधिक तेथे बेघर अधिक, असे आढळत नाही. जेथे भाडी चढी आणि रिकाम्या खोल्या थोड्या तेथे ते अधिक आढळतात. व्यसनी माणसाला स्वस्त शहरात खोली मिळते, महागड्या शहरात मिळत नाही. तिसरा पक्ष नात्यांचा आहे. त्याच्या मते निर्धन होणे आणि बेघर होणे यांच्यामध्ये भाऊ, बहीण, सासर-माहेर, जातभाई, गाववाले यांची एक भिंत उभी असते, आणि ती ढासळली म्हणजेच माणूस उंबरठ्याबाहेर पडतो.

आपल्याकडे तिसऱ्या पक्षाला विशेष बळ आहे असे मला वाटते, आणि त्याचे कारण केवळ एकत्र कुटुंबाचे कौतुक नव्हे. येथे घर बहुधा नात्याच्या नावावर असते. वाटणीत वगळलेला धाकटा भाऊ, नवऱ्याने टाकलेली आणि माहेरी भावजयीला नकोशी झालेली बाई, मुलांनी आलटून-पालटून सांभाळता सांभाळता एके दिवशी न सांभाळलेला बाप, दारूपायी घरातून काढलेला किंवा घरातील मारझोडीमुळे दारूपर्यंत पोहोचलेला मुलगा: यांच्यापैकी कोणाचीही मिळकत सरकारी मोजणीत शून्य नसेल, पण दार त्यांच्यासाठी बंद झालेले असते. दारू हे कारण की परिणाम, याचे एकच उत्तर मिळत नाही. रात्री थंडीत आणि डासांत निजावयाचे असेल तर ती औषधासारखी घेतली जाते, हे पायरीवरचा कोणीही सांगेल.

मनोविकाराविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण धारवाडशी त्याचा निकटचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून येथे वेड्यांचे इस्पितळ आहे आणि आज ते मानसिक आरोग्याची मोठी संस्था म्हणून चालते. उपचारानंतर बऱ्या झालेल्या माणसाला घरी घेऊन जाण्यास कोणी न येणे, हा अशा साऱ्या संस्थांचा अनुभव आहे. उलट पक्षी, रस्त्यावर हिंडणाऱ्या मनोरुग्णांना उचलून, बरे करून, त्यांचे घर शोधून पोहोचवण्याचे काम डॉ. भरत वाटवानी यांनी मुंबईत १९८८ पासून आणि पुढे कर्जतला केले, त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामाने एक रूढ ग्रह खोटा ठरवला आहे: पुष्कळ घरे आपला हरवलेला माणूस परत आलेला पाहून आनंदाने स्वीकारतात, वर्षानुवर्षे ती त्याचा शोधच घेत असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा निराधार मनोरुग्णास संरक्षण देऊन उपचारापर्यंत नेणे हे पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले आहे.

हिंदुस्थानातील चर्चेला हक्काची भाषा मिळाली ती मुंबईच्या पदपथांवर. १९८१ च्या जुलैत, भर पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथावरील झोपड्या पाडून रहिवाशांना ज्याच्या-त्याच्या मुलखात परत पाठवण्याचा हुकूम दिला. सेलम जिल्ह्यातील एका भूमिहीन मजुराची झोपडी पाडून त्याला बसमध्ये घालून गावी धाडण्यात आले; गावी काम नव्हते म्हणून तो पुन्हा मुंबईस आला, आणि न्यायालयात गेलेल्या अर्जदारांत त्याचेही नाव आहे. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या या खटल्याचा निकाल १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, हे तत्त्व त्यातून निघाले. परंतु नोटीस देऊन आणि पावसाळा उलटल्यावर झोपड्या काढण्यास मुभाही मिळाली. तत्त्व वकिलांच्या ग्रंथात राहिले आणि पदपथ रिकामे झाले, अशी या निकालाची दुहेरी कीर्ती आहे. त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने भायखळ्याच्या परिसरातील सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजदाद केली. ही माणसे उपरी नसून शहराच्या गरजेने बोलावलेली आणि मजुरीत घरभाडे न बसल्यामुळे कामाच्या चालत्या अंतरावर निजणारी आहेत, हे तिने आकड्यांनिशी मांडले. अशा पदपथावरच कवी नारायण सुर्वे यांचेही पोरवय आणि तारुण्याचा काही काळ गेला. अर्भक असताना टाकलेल्या त्यांना गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले आणि आपले नाव दिले. ते १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

मोजदादीचा विषय निघाला आहे तर सरकारी खानेसुमारीविषयी सांगणे आवश्यक आहे. खानेसुमारीच्या वर्षी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत देशातील बेघर मोजले जातात. २०११ साली ही संख्या १७ लाख ७३ हजार भरली. त्यांपैकी ९ लाख ३८ हजार शहरांत. महाराष्ट्रात दोन लाख दहा हजारांहून अधिक, कर्नाटकात सुमारे ७६ हजार. दहा वर्षांत देशाचा एकूण आकडा थोडा उतरला, पण शहरांतला वीस टक्क्यांनी चढला. एका रात्रीत, अनोळखी माणसाने, अंधारात केलेली ही गणना अपुरीच असणार. दिल्लीत २००० साली स्वयंसेवकांनी ५२ हजारांहून अधिक लोक मोजले होते, आणि पुढील वर्षीच्या खानेसुमारीत त्याच्या निम्मेही आढळले नाहीत. याच २०११ च्या खानेसुमारीत शहरांत रिकामी पडलेली घरे एक कोटी दहा लाखांच्या आसपास निघाली. शहरांतल्या बेघरांचा आणि या रिकाम्या घरांचा, हे दोन आकडे मी शेजारी शेजारी ठेवतो. त्यांवर भाष्य करण्याची गरज मला वाटत नाही.

लोकमत या साऱ्याकडे कसे पाहते? पैसे देणारा हात आणि "धडधाकट आहेस, काम का करीत नाहीस?" असे खेकसणारे तोंड एकाच माणसाचे असते. अमावास्येला, ग्रहणाला, श्राद्धाला दान करणारा भाविक दुसऱ्या दिवशी नगरसेवकाकडे जाऊन आपल्या दारापुढचा माणूस हटवण्याची विनंती करतो, आणि त्याला त्यात विसंगती दिसत नाही, कारण दान करताना किंवा हटवताना त्या माणसाशी ओळख करून घेण्याचा प्रसंग आलेलाच नसतो. शिवाय जो परक्या मुलखातून आला त्याच्याविषयी संशय दुणावतो. धारवाड, गदग, विजापूर, कोप्पळ येथून बांधकामाच्या मजुरीस गोव्यात उतरणाऱ्याला तेथे "घाटी" म्हणून हिणवतात. मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेली कुटुंबे कोल्हापूर-बेळगावच्या फडांवर पाचटाच्या कोपीत अर्धे वर्ष काढतात, आणि गावात चोरी झाली की पहिली चौकशी त्यांचीच होते. २०२० च्या टाळेबंदीत घर असलेला आणि नसलेला यांतली रेषा किती बारीक आहे ते देशाने पाहिले. जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले सोळा मजूर ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर निजले असता मालगाडीखाली गेले. त्यांची घरे मध्य प्रदेशात होती. त्या रात्री त्यांच्यासाठी वाटेत एकही छप्पर नव्हते.

हा संग्रह आजच निघावा याला म्हणूनच औचित्य आहे. रस्ते रुंद होत आहेत, बाजार नव्याने बांधले जात आहेत, आणि ज्या पायऱ्या, ओटे, ओसऱ्या यांवर रात्रीची ही वस्ती टिकून होती त्या नव्या इमारतींच्या आराखड्यांत नाहीत. त्याच वेळी कायद्याची बाजू पूर्वी कधी नव्हती इतकी अनुकूल आहे. २०१० पासून सर्वोच्च न्यायालयाने शहरी निवाऱ्यांविषयी वारंवार आदेश दिले. २०१३ च्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाने लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक, चोवीस तास उघडा, माणशी पन्नास चौरस फूट जागेचा निवारा असा मापदंड घालून दिला. जुलै २०२१ मध्ये भिकाऱ्यांना रस्त्यांवरून दूर करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केली, आणि त्या पीठावरील न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे ओल्गा टेलिस निकालाच्या कर्त्याचेच चिरंजीव. मतदानाविषयीचा निवडणूक आयोगाचा नियम तर मला मुद्दाम सांगावासा वाटतो: बेघर माणसाने नाव नोंदवण्यासाठी जागेचा पत्ता लिहिला, तर मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने रात्री तेथे जाऊन तो खरोखर निजतो की नाही ते पाहावे, एकाहून अधिक रात्री जावे, आणि खात्री पटल्यावर पुन्हा कागदी पुरावा मागू नये. दुर्गदबैलातील दुकानाची पायरी हा अशा रीतीने नागरिकाचा पत्ता होऊ शकतो.

बाहेरच्या जगात याच काळात आणखी एक विचार रुजला आहे. माणूस आधी सुधारावा, व्यसन सोडावे, शिस्त अंगी बाणावी आणि मग त्याला घर मिळावे, हा जुना क्रम न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली उलटवला गेला; आधी किल्ली हाती द्यावी, उपचार आणि रोजगार मागाहून पाहावे. फिनलंडने २००८ पासून ते राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले आणि तेथील बेघरांची संख्या वर्षानुवर्षे उतरत गेली. आपल्या शहरांची संख्या आणि साधने निराळी आहेत, तो नमुना जसाच्या तसा येथे उतरेल असे मी म्हणत नाही. पण त्यातील क्रमाचा विचार आपल्याला लागू आहे, कारण निवाऱ्याच्या दारात आधारकार्ड मागणारा आपला कारकून त्या जुन्याच क्रमाने चालत असतो.

प्रस्तुत संग्रहाने या विस्तीर्ण प्रदेशाचा संपूर्ण आढावा घेण्याचे व्रत घेतलेले नाही. त्यात विद्वानांचे लेख आहेत, निवाऱ्यात काम करणाऱ्यांची टिपणे आहेत, आणि मराठी, कन्नड व लमाणी बोलणाऱ्या माणसांनी स्वतः सांगितलेल्या कहाण्या आहेत, ज्या लिहून घेणाऱ्यांनी आपल्या शब्दांनी सजवलेल्या नाहीत. काही कहाण्या परस्परांस छेद देतात. एक जण दारूला दोष देतो, दुसरा भावाला, तिसरी नशिबाला. संपादकांनी त्यांच्यात एकवाक्यता घडवून आणण्याचा यत्न केला नाही, हे मला योग्य वाटते. निवेदकांची नावे बदलली आहेत. स्त्रियांची निवेदने संख्येने थोडी आहेत आणि ग्रामीण बेघरांना यात फारसे स्थान मिळालेले नाही. पुढच्या कोणा अभ्यासकाने तिकडे वळावे.

वाचकाला माझी एक विनंती आहे. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे हुबळी-धारवाडची वस्ती ९ लाख ४३ हजार होती. ठरलेल्या मापाने या जोडशहराला निदान नऊ निवारे हवेत. आपण ज्या नगरात राहता तेथली संख्या याच हिशेबाने काढावी, महानगरपालिकेच्या कचेरीत जाऊन निवारे कोठे आहेत, रात्री त्यांचे दार उघडे असते काय, स्त्रियांसाठी निराळी जागा आहे काय, आणि कागदपत्र नसलेल्याला आत घेतात काय, हे लेखी विचारावे. आणि कर्नाटकातील वाचकाने घरपट्टीच्या पावतीवरील त्या तीन टक्क्यांचा हिशेबही त्याच अर्जात मागावा.